टाकीतली बोलणी

‘जावा-जावा, उभा दावा’ असं म्हणतात, त्यामुळे या दोघी जावांनी मिळून कंपनी काढली तेव्हा गल्लीत पैजा लागल्या होत्या. कुणी म्हणालं, सहा महिने. कुणी म्हणालं, सहा महिने फार झाले, पहिली रेकॉर्ड बाहेर पडेपर्यंतच. त्याला नऊ वर्षं झाली. पैज हरलेल्यांपैकी दोघं आता त्यांची नेमाने घेणारी गिऱ्हाइकं आहेत, आणि थोरली त्यांना रेकॉर्ड बांधून देताना न चुकता पैजेची आठवण करून देते.

थोरली म्हणजे थोरली जाऊ. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तिने सव्वीस वर्षं काढली. धाकटी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होती. कागद, पुठ्ठा, खळ यांतलं तिला न कळणारं काही नाही. घराच्या मागच्या खोलीत पूर्वी गाद्या-उशा रचून ठेवायचे, तिथे आता रेकॉर्डींचे खोके असतात. कंपनीचं नाव ‘कानोसा’. वर्षाला तीन, फार तर चार रेकॉर्डी. वाजवणारे-गाणारे असे की ज्यांचं पोट दुसऱ्याच कामावर चालतं: एक लोहारीण, पोस्टातले दोन कारकून, क्लॅरिनेट वाजवणारा एक गवंडी. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, या व्यवहारात पडत नाहीत. खोके उचलायला सांगितलं की उचलतात.

कंपनीचे नियम कुणी बसून केले नव्हते. प्रत्येक नियमामागे एकेक फजिती होती. दुसऱ्याच रेकॉर्डला, अंगणात गाणं टिपताना मागून एका शेजारणीचा आवाज आला होता. ती कुणाला तरी झाडत होती. दोघींना वाटलं, राहू दे, जिवंत वाटतं. रेकॉर्ड बाहेर पडल्यावर ती बाई दारात येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “माझं घरातलं भांडण तुम्ही विकताय.” उरलेल्या सगळ्या प्रती मागे घेतल्या, आणि तेव्हापासून ठरलं की रेकॉर्डवर ज्याचा ज्याचा आवाज ऐकू येतो त्या प्रत्येकाचा होकार हवा. एकाचाही नकार असला तर विषय संपला. दुसरा नियम धाकटीचा. एका गायिकेने ऐन वेळी नाही म्हटलं होतं, आणि थोरलीने ‘का पण, का’ करत तिचा इतका पिच्छा पुरवला की ती बिचारी रडायला लागली. घरी आल्यावर धाकटी म्हणाली, “जाऊबाई, यापुढे नकाराचं कारण विचारायचं नाही. कुणी आपणहून सांगितलं तर ऐकू.” थोरलीने मान डोलावली, पण हा नियम तिला अंगाला न बसणाऱ्या पोलक्यासारखा कायम काचत राहिला.

कारण ती मुळात चौकस. बोर्डावर सव्वीस वर्षं लोकांचे फोन जोडले. एकीकडून हॅलो, दुसरीकडून हॅलो, झालं जोडून, की कानावरून काढायचं. पुढचं ऐकायचं नाही. तिने ते कधी ऐकलं नाही, आणि म्हणूनच बहुधा जन्मभराची उत्सुकता तिच्यात साठून राहिली होती.

गवंड्याच्या क्लॅरिनेटचा नमुना कारखान्यातून आला तो एका दुपारी. तीनशे प्रती छापण्याआधी कारखाना एक नमुन्याची तबकडी पाठवतो. ती ऐकून पसंती कळवली की मग पुढचं काम. नमुना ऐकताना हात रिकामे ठेवायचे, असाही त्यांचा एक नियम होता. एकदा धाकटी कव्हरं दुमडत ऐकत होती आणि दोघींच्याही कानातून एक उडी मारणारी जागा सुटली होती. त्यामुळे धाकटी हात मांडीखाली घालून बसली. पहिली बाजू छान झाली होती. थोरलीने तबकडी उलटली.

दुसऱ्या बाजूवर क्लॅरिनेट नव्हतंच. शीळ होती.

कुणीतरी कुठल्या तरी मोठ्या पोकळ जागेत शीळ घालत होतं. आवाज भिंतीवर आपटून परत यायचा आणि पुढच्या शिळेत मिसळायचा. मग लांबून, वरून कुठून तरी, दुसरी शीळ आली, जाड आणि सावकाश. पहिलीने पटकन काहीतरी म्हटलं, दुसरीने त्याला तोडलं, पहिली घसरत हसल्यासारखी झाली. चाल म्हणावी तर धड चाल नव्हती. पण दोघींपैकी कुणालाही उठावंसं वाटलं नाही. बाजू संपली तेव्हा धाकटीच्या हातांना मुंग्या आल्या होत्या.

“हे काय होतं?” ती म्हणाली.

“गाणं नव्हे,” थोरली म्हणाली. “पण दोघं आहेत. आणि एकमेकांना चांगले ओळखतात.”

तिने कारखान्यात फोन लावला. तिथला फोरमन वरमला. साचे लावताना अदलाबदल झाली होती, दुसऱ्या कुणाची तरी बाजू तुमच्या तबकडीवर आली, ती फेकून द्या, चार दिवसांत नवा नमुना पाठवतो, असं त्याने सांगितलं. थोरली म्हणाली, ते ठीक, पण हे कुणाचं? फोरमनने आधी आढेवेढे घेतले. तबकडीच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर साच्याचा आकडा कोरलेला असतो, तो थोरलीने चष्मा कपाळावर चढवून, भिंगातून वाचून सांगितला, तेव्हा त्याने वही काढली. फक्त पाच प्रतींची घरगुती ऑर्डर होती. देणारी बाई एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. पत्ता तिच्या घरचा नव्हता, दवाखान्याचाच होता.

दुसऱ्या दिवशी थोरली दवाखान्यात जाऊन बसली. तिचा नंबर पुकारला तेव्हा तिला आधी सांगावं लागलं की दात दुखत नाही. मदतनीस बाई पस्तिशीची, हातमोजे घातलेली. सगळं ऐकल्यावर ती इतकी हसली की आतून डॉक्टरांनी डोकावून पाहिलं. ती म्हणाली, ते माझे बाबा आणि माझ्या मावशीचे यजमान. दोघं एकतीस वर्षं पाण्याच्या टाक्या साफ करायचे. बाबांचे पुढचे दात काढायचे ठरले. दात गेले की शीळही जाणार, म्हणून काढायच्या आदल्या आठवड्यात दोघांना एका रिकाम्या टाकीवर नेलं आणि मागून आणलेल्या मशीनवर त्यांची शीळ टिपली. घरच्यांपुरत्या पाच प्रती. तिने वडिलांचा पत्ता लिहून दिला आणि बजावलं, “त्यांना बोलायला लावू नका. थांबत नाहीत.”

ते खरं निघालं. वडील बुटके, काटकुळे, सत्तरीच्या घरातले. नवी कवळी बसली नव्हती म्हणून ती एका पेल्यात ठेवलेली. थोरलीला आत घेऊन त्यांनी आपली प्रत लावली आणि लगेच समजावून सांगायला लागले. टाकीच्या कामात दोन माणसं लागतात, एक आतला आणि एक बाहेरचा. आतला वरच्या तोंडातून उतरतो आणि गाळ काढतो. बाहेरचा तोंडाशी दोर धरून बसतो. टाकीत बोललेलं वर कळत नाही, सगळ्या शब्दांचा काला होतो. शीळ मात्र कळते.

“मी आतला,” ते म्हणाले. “साडू बाहेरचा. तो आतला होऊच शकत नव्हता, तोंडात अडकला असता.”

खुणा सुरुवातीला चारच होत्या. एक लांब शीळ म्हणजे ठीक आहे. दोन तुटक म्हणजे दोर ढिला सोड. खालून वर चढत जाणारी म्हणजे ओढ. आणि वरून खाली घसरून शेवटी एक टिचकी, ती फक्त बाहेरच्याची: जागा सोडतोय. पाणी प्यायला जायचं असलं तरी ही शीळ घातल्याशिवाय बाहेरच्याने हलायचं नाही, आणि आतल्याने ती ऐकली की काम थांबवून शिडीपाशी यायचं. पुढे एकतीस वर्षांत या चार खुणांना पालवी फुटत गेली. जेवायची वेळ झाली, मुकादम आला, बायका भांडल्या आणि त्यात आपलीच चूक, अशा सगळ्याला शिळा झाल्या. सासऱ्यांसाठी खास वेगळी होती. दोघांचा सासरा एकच असल्यामुळे तिचा वापर भरपूर.

थोरलीने त्यांना तबकडी तीनदा लावायला लावली. त्यांनी प्रत्येक शिळेचा अर्थ सांगितला आणि तिने तो वहीत उतरवला. जन्मात पहिल्यांदाच तिला कुणीतरी जोडलेल्या फोनवरचं बोलणं ऐकू देत होतं. मधे एका ठिकाणी साडू घसरणारी शीळ घालत होता. एकदा घातली, थांबला, पुन्हा घातली. तिने मोजली. सात वेळा.

“ही तर जागा सोडतोयची,” ती म्हणाली. “पण ते कुठे गेले नाहीत. आवाज तिथूनच येतोय.”

“गंमत करत होता,” आतला म्हणाला. “म्हणून मीही प्रत्येक वेळी त्याला सासऱ्यांची घातली. ऐका, ऐका.”

मग त्यांनी आपणहूनच जुनी हकिगत सांगितली. वीस वर्षांपूर्वी एका टाकीत हवा जड झाली. आधी डोकं हलकं झालं, मग पाय गेले. त्यांनी चढती शीळ घातली असं त्यांना आठवतं, मग काही आठवत नाही. साडू त्या तोंडातून आत उतरला. “त्या देहाने,” ते म्हणाले. “सदरा फाटला, दोन्ही बाजूंची कातडी सोलली. मला खांद्यावर घेऊन शिडी चढला, आधी मला तोंडातून बाहेर ढकललं. आमच्या धंद्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. उगाच कुणी साडूला आपला जीव देत नाही, ताई.”

रेकॉर्ड काढायची का, असं थोरलीने विचारल्यावर त्यांचा आनंद मावेना. हो म्हणाले, दोनदा म्हणाले. तिने सांगितलं की साडूंचाही होकार लागेल. “त्याचा काय प्रश्न?” ते म्हणाले. “मी हो म्हटलं म्हणजे त्याचं हो.”

बाहेरचा आता एका मोठ्या बाजाराशी सायकल-तळ सांभाळत होता. खरंच आडवातिडवा माणूस होता, एका लाकडी स्टुलावर बसलेला, समोर पत्र्याच्या बिल्ल्यांची पेटी. चहा टपरीवरून त्याच्यापाशी आणून दिला जायचा. आजूबाजूचे दुकानदार हसून सांगत होते की हा माणूस सकाळी बसला की तळ बंद होईपर्यंत हलत नाही, घराला आग लागली तरी हलणार नाही. त्याने थोरलीचं सगळं म्हणणं नीट ऐकलं. मधे चार सायकली आल्या, त्यांना बिल्ले दिले. मग म्हणाला, “नको. ती रेकॉर्ड काढू नका.”

थोरलीच्या जिभेवर ‘का’ आलं होतं. तिने ते गिळलं, बरं म्हणाली आणि परत आली.

पुढचे आठ दिवस घरात तिने सगळ्यांचा जीव खाल्ला. क्लॅरिनेटचा नवा नमुना आला, ठीक होता, पसंती कळवली. पण तिचं लक्ष नव्हतं. आमटीत मीठ दोनदा पडलं. शेवटी धाकटीनेच शिळेची ती बाजू लावली आणि थोरलीला वही घेऊन बसवलं. कारण विचारायचं नाही, पण आपण आपल्या कानांनी ऐकायला कुणाची ना नाही, असं तिचं म्हणणं. सात घसरत्या शिळा येऊन गेल्या. धाकटीने सुई उचलली.

“एकच वाक्य माणूस सात वेळा कधी म्हणतो?” ती म्हणाली. “समोरच्याला कळत नाहीये असं दिसलं की. हा गंमत करत नाहीये, जाऊबाई. सांगतोय.”

“काय सांगतोय?”

“ते त्यालाच माहीत. आता ही तबकडी परत द्या. तो नको म्हणालाय, तर आपल्याकडेही नको.”

ते बरोबर होतं. थोरली तबकडी कागदात गुंडाळून सायकल-तळावर गेली. बाहेरच्याने ती घेतली, मांडीवर ठेवली, आणि थोरली निघायला लागली तेव्हा तो म्हणाला, “कारण नाही विचारलंत.”

“आमच्यात विचारत नाहीत.”

“जाणून घ्यावंसं वाटत नाही?”

“फार वाटतं,” थोरली म्हणाली. “पण तो माझा प्रश्न झाला, दादा.”

त्याने तिच्यासाठी दुसरं स्टूल पुढे ओढलं. मग सांगितलं. त्या दिवशी, वीस वर्षांपूर्वी, तो टाकीच्या तोंडाशी नव्हता. रस्त्याच्या पलीकडे एक बूटवाला हातगाडी घेऊन उभा होता. याच्या मापाचे बूट कधी कुठे मिळायचे नाहीत, पाय हे असे. गाडीवर एक दांडगी जोडी लांबूनच दिसली. वाटलं, पटकन घालून बघावी. दोन मिनिटांसाठी शीळ कशाला घाला, साडू काम टाकून उगाच शिडीपाशी येईल. परत आला तर टाकीतून काहीच येत नव्हतं. याने लांब शीळ घातली, पुन्हा घातली. मग उतरला.

“सगळे म्हणतात वाचवलं,” तो म्हणाला. “त्याने ओढ म्हणून शीळ घातली तेव्हा मी एका पायात बूट घालून उभा होतो. वीस वर्षं सांगेन सांगेन म्हणतोय. तोंडाने काही येत नाही. रेकॉर्डच्या दिवशी त्याच्या लेकीने टाकीवर नेलं तेव्हा वाटलं, जी शीळ तेव्हा घातली नाही ती आज घालावी, म्हणजे त्याला कळेल. आणि तो सासऱ्यांवर हसत राहिला.”

थोरलीने सरळ विचारलं, मला हे का सांगितलंत. तो म्हणाला, “तुम्ही सात मोजल्यात, असं साडू सांगत आला होता. म्हटलं, कुणीतरी ऐकलं.”

घरी येऊन तिने धाकटीला एवढंच सांगितलं की कारण कळलं, पण ते माझ्यापाशी ठेवायचं आहे. धाकटीने बरं म्हटलं आणि कव्हरं दुमडत राहिली. बोर्डावरची सवय अशी उपयोगाला आली. ऐकलं, पण पुढे जोडलं नाही.

महिनाभराने आतला दारात उभा राहिला. कवळी बसली होती, त्यामुळे चेहरा वेगळाच दिसत होता. काखेत कागदाचं पुडकं, त्यात पाचांपैकी चार रेकॉर्डी. तो आत येऊन बसला आणि म्हणाला की माझा होकार मी मागे घेतो. या प्रतीही तुमच्याकडेच राहू द्यात, घरात नकोत. “साडूभाऊंनी मला काय सांगितलं ते तुम्हाला ठाऊकच असणार. त्यांनी तुम्हाला माझ्याआधी सांगितलं.” एकतीस वर्षं ज्याला अरे-तुरे केलं त्याला तो आता ‘साडूभाऊ’ आणि ‘ते’ म्हणत होता, आणि थोरलीला ते शिवीपेक्षा वाईट वाटलं.

तिने काही विचारलं नाही. तोच बोलला. साडू घरी आला होता, दारातच उभं राहून सांगून टाकलं. याने विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, एक बूट चढवण्याइतका. याने विचारलं, घेतलेस का मग? तो म्हणाला, घट्ट होते. त्यावर पुढे दोघांपैकी कुणीच बोललं नाही, आणि त्याला तीन आठवडे झाले. बायका एकमेकींकडे जात-येत होत्या, बहिणीच त्या. पण हे दोघं नाहीत.

“तो उतरला होता ना पण आत,” धाकटी म्हणाली. तिला अर्धंच कळलं होतं, तरी ती बोलली.

“उतरले होते. त्याचं मी काय करू, तेच कळत नाही. उतरले नसते तर रागावणं सोपं होतं.” मग स्वतःशीच हसला. “उतरले नसते तर रागवायला मी तरी कुठे असतो.”

धाकटीने त्याच्या पुडक्यातली एक रेकॉर्ड काढली आणि विचारलं, ऐकायची का एकदा, आता सगळं माहीत असताना. तो नको म्हणाला नाही. तिने तबकडी लावली आणि मांडीखाली हात घालून बसली. थोरली खिडकीशी उभी राहिली. सुरुवातीच्या गमतीजमती झाल्या. मग वरून खाली घसरणारी पहिली शीळ आली, शेवटची टिचकी अगदी स्पष्ट. तिच्यावर याची सासऱ्यांची शीळ. पुन्हा घसरणारी. पुन्हा सासरे. तिसऱ्यापासून साडूची शीळ हळूहळू बारीक होत गेली होती, हे थोरलीच्याही पहिल्यांदाच लक्षात आलं. सातव्यानंतर तो थोडा थांबला होता आणि मग त्याने नेहमीची लांब शीळ घातली होती. ठीक आहे.

आतल्याने ती जागा पुन्हा लावायला सांगितली, आणि मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्याने कवळी काढून रुमालात घेतली, कारण हिरड्या दुखत होत्या, आणि बोळक्या तोंडाने म्हणाला, “सात वेळा सांगितलं त्याने. आणि मी काय केलं, सातही वेळा म्हाताऱ्याची थट्टा.”

तो निघाला तेव्हा रेकॉर्डी परत काखेत होत्या. होकाराचं त्या दिवशी काहीच बोलणं झालं नाही.

दोघं एकत्र आले ते त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, भांडतच. जिन्यापासून आवाज येत होता. भांडण असं होतं की आता बाहेरचा रेकॉर्ड काढायला तयार होता, पण आतल्याचं म्हणणं, त्या सात शिळा कापून काढा. लोकांना काय करायच्यात, तुझी लाज निघेल. बाहेरचा म्हणत होता, त्या राहतील तरच रेकॉर्ड, नाहीतर नको. “तू गप्प बस,” आतला त्याला म्हणाला, “तुला कळत नाही,” आणि तो ‘तू’ ऐकून थोरली चहा टाकायला आत गेली, कारण तिला हसू आवरेना.

धाकटीने दोघांना समजावलं की आम्ही मधलं काही कापत नाही. जशी आहे तशी, नाहीतर मुळीच नाही, आणि दोघांचं एकच उत्तर हवं. घाई नाही, मागच्या रेकॉर्डींचा ढीग खिडकीच्या खाली येईपर्यंत आम्ही नवं काढतही नाही. दोघं चहा पीत बसले. अर्ध्या तासाने आतला म्हणाला, राहू दे तर. पण एक अट. शिळांचे अर्थ छापायचे, सगळ्यांचे, म्हणजे ऐकणाऱ्याला नुसता पाखरांचा गोंगाट वाटायला नको. आणि अर्थ मी लिहिणार.

त्याने ते लिहायला दोन महिने लावले. ओळी खोडायचा, पुन्हा लिहायचा, लेकीकडून शुद्धलेखन तपासून घ्यायचा. सासऱ्यांच्या शिळेपुढे काय लिहावं यावर दोघा साडूंची जुंपली आणि शेवटी ‘वडीलधारे येत आहेत’ असं ठरलं. सात शिळांपाशी आल्यावर थोरलीला वाटलं होतं, तो ‘थट्टा’ लिहील किंवा रिकामी जागा सोडेल. त्याने लिहिलं होतं: ‘जागा सोडली होती. सात वेळा सांगितले, सातव्यांदाही ऐकले नाही, पुढे ऐकले.’ धाकटीने ते पत्रक जाड कागदावर छापून, पाचपदरी घडी घालून प्रत्येक कव्हरात सरकवलं. तीनशे प्रती निघाल्या. विकल्या जायला वेळ लागला, पण ज्यांनी घेतल्या त्यांनी पत्रं लिहिली, आणि ‘कानोसा’ला इतकी पत्रं त्याआधी कधी आली नव्हती. एका शाळेतल्या बाईंनी लिहिलं की वर्गातली मुलं आता परीक्षेत एकमेकांना शीळ घालतात, याला जबाबदार कोण.

सगळ्यांत चिडलेलं पत्र आलं ते दुसऱ्या एका गावच्या टाकी साफ करणाऱ्या टोळीकडून. नऊ जणांच्या सह्या होत्या. त्यांचं म्हणणं, पत्रकातली दुसरी खूण धडधडीत चूक आहे. दोन तुटक शिळा म्हणजे दोर ढिला नव्हे, दोर आवळ. असलं काही छापून माणसं मारायची आहेत का? थोरलीने ते पत्र दोघा साडूंना वाचून दाखवलं. दोघंही एकदम तापले आणि एकदम बोलायला लागले, आणि पुढचे चार दिवस त्यांनी मिळून उत्तराचे मसुदे केले, त्यातला एकही पाठवण्यासारखा नव्हता. पाचव्या दिवशी थोरली म्हणाली, त्यापेक्षा जाऊन भेटू या.

ती तिघं सकाळच्या बसने गेली. बाहेरच्याने त्या दिवसासाठी सायकल-तळावर भाच्याला बसवलं होतं आणि त्याला दहा वेळा बजावलं होतं. टोळी एका उंच टाकीवर कामाला लागली होती. त्यांचा मुकादम म्हणजे पन्नाशीची एक बाई, तोंडापाशी दोर धरून बसलेली. तिने पाहुण्यांकडे मानही वळवली नाही, नुसतं बोटाने खुणावलं की थांबा, आत माणूस आहे. तिघं शिडीच्या वरच्या फळीवर अंग चोरून उभी राहिली.

मग टाकीतून शीळ आली. लांब नव्हती, तुटक नव्हती, मधेच वळसा घेऊन कुठेतरी भलतीकडेच संपली. मुकादम बाई खुदकन हसली आणि तिने तशाच वळणाने उत्तर दिलं. थोरलीने वही उघडून आतल्याकडे पाहिलं. त्याने बाहेरच्याकडे पाहिलं. बाहेरच्याने खांदे उडवले.

“काय म्हणाला तो?” थोरलीने कुजबुजत विचारलं.

“कुणाला ठाऊक,” आतला म्हणाला, आणि कान द्यायला टाकीच्या तोंडाकडे आणखी थोडा सरकला.